वीट झालेल्या यंत्राचे निदान

दिवाळीच्या सुटीत माझा भाचा घरी आला तो तोंड पाडूनच. दहावीतला मुलगा. फराळाच्या ताटाकडेही त्याचे लक्ष नव्हते. पिशवीतून त्याने हातात मावणारा गेमचा कन्सोल काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, ‘‘मामा, वीट झाली.’’

वीट म्हटले की आपल्याला पंढरपूर आठवते. या मुलांच्या भाषेत मात्र वीट होणे म्हणजे यंत्र कायमचे मरणे. आतल्या मूळ आज्ञावलीत, म्हणजे फर्मवेअरमध्ये, ढवळाढवळ करताना काही चुकले की यंत्र सुरूच होत नाही आणि पेपरवेट म्हणून उरते. भाच्याने इंटरनेटवर वाचून कन्सोलमध्ये घरगुती फर्मवेअर टाकले होते. काही महिने ते नीट चालले. तीन दिवसांपूर्वी पडदा काळा झाला तो झालाच. बाबांना अजून सांगितलेले नव्हते.

मी फिजिशियन आहे. सरकारी रुग्णालयात पंचवीसहून अधिक वर्षे काढली आहेत. सोल्डरिंगची कामटी मी आयुष्यात दोनदा धरली असेल. पण ‘तीन दिवसांपासून काहीच प्रतिसाद नाही’ हे वाक्य माझ्या ओळखीचे आहे, त्यामुळे सवयीने पहिला प्रश्न विचारला : ‘‘बंद पडण्याआधी काय केलं होतंस?’’ उत्तरही ओळखीचेच आले : ‘‘काहीच नाही.’’

ओपीडीत दहापैकी सात जण हेच सांगतात. मग अर्ध्या तासाने, उठता उठता, कोणीतरी दिलेला काढा घेत होतो हे बाहेर येते. भाच्याचेही तसेच झाले. आधी काहीच नाही. मग मेमरी कार्ड बदलले होते. मग नवे कार्ड मोठ्या क्षमतेचे आणि फारच स्वस्तात मिळालेले होते. आणि सर्वात शेवटी, कन्सोल सुरू केला की दर वेळी तो थेट दुरुस्तीच्या अवस्थेत जावा, अशी एक सोय त्याने तीन महिन्यांपूर्वी स्वतःच करून ठेवली होती आणि ती विसरून गेला होता.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. दुरुस्तीच्या अवस्थेत पडदा काळाच असतो, पण यंत्र बंद नसते. ते संगणकाकडून आज्ञा येण्याची वाट पाहत जागे असते आणि त्या काळात बॅटरी हळूहळू संपवते. आम्ही ते चार्जरला लावून तासभर ठेवले, मग केबलने संगणकाला जोडले. संगणकाने ‘नवे उपकरण सापडले’ असा आवाज केला. नाडी लागली. भाच्याच्या चेहऱ्यावरचा रंग परत आला आणि त्याने पहिली चकली उचलली.

पुढचे काम वगळत जाण्याचे. पडदा खराब आहे का? नाही, संगणकावरून पाठवलेला छोटा प्रोग्रॅम पडद्यावर अक्षरे दाखवत होता. आतली साठवण मेली आहे का? नाही, ती वाचता येत होती. मग उरले कार्ड. त्याच्यावर पूर्ण क्षमतेइतका डेटा लिहून परत वाचून पाहिला. वेष्टनावर लिहिलेल्या क्षमतेच्या एका लहान तुकड्यापलीकडे लिहिलेले सगळे कचरा होऊन परत आले. कार्ड बनावट होते. अशी कार्डे आपली क्षमता खोटी सांगतात. जागा संपली की नवा मजकूर जुन्यावरच लिहितात किंवा हवेत सोडून देतात. घरगुती प्रणाली कार्डावर राहत होती, कार्डाने तिचा एक भाग गिळला, म्हणून ती उठत नव्हती. कन्सोलची मूळ प्रणाली आत शाबूत होती.

‘‘म्हणजे वीट झालीच नव्हती,’’ भाचा म्हणाला. नव्हती. पण तीन दिवसांत त्याने दुसऱ्याच्या यंत्रातली एक फाईल आणून आतल्या साठवणीवर लिहायचे ठरवले होते, कोणीतरी तसे सुचवले होते म्हणून. केबल सापडली नाही म्हणून ते राहिले. ते केले असते तर वीट नक्की झाली असती, कारण अशा कन्सोलच्या साठवणीत त्या एकाच यंत्रापुरत्या बनवलेल्या किल्ल्या असतात. त्या पुसल्या गेल्या आणि आधी प्रत काढलेली नसली, तर त्या पुन्हा मिळवायला सामान्य माणसाकडे जागा नाही. निदानाआधी उपचार केल्याने गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत, त्यामुळे ती न सापडलेली केबल मला फार आवडली.

*

हे सगळे मुलांचे खेळ म्हणून सोडून देता आले असते. पण गेल्या काही वर्षांत या खेळण्यांवरून मोठे वाद झाले आहेत आणि त्यांचा धागा थेट माझ्या वॉर्डापर्यंत येतो. त्यासाठी आधी फर्मवेअर म्हणजे काय ते थोडे समजून घ्यावे लागेल.

कोणताही आधुनिक कन्सोल सुरू होतो तेव्हा सर्वात आधी चिपमध्येच कोरलेला एक अगदी छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो कारखान्यातच कायमचा घडवलेला असतो, नंतर बदलता येत नाही. तो पुढच्या प्रोग्रॅमची कंपनीची सही तपासतो. सही बरोबर असेल तरच त्याला उठवतो. तो त्याच्या पुढच्याला तपासतो. अशी साखळी पूर्ण झाली की पडद्यावर चित्र येते. घरगुती फर्मवेअर घालणे म्हणजे या साखळीत कुठेतरी सही न तपासता आत शिरण्याची फट शोधणे.

निन्टेंडोचा स्विच हा कन्सोल मार्च २०१७ मध्ये आला. एप्रिल २०१८ मध्ये केट टेमकिन या संशोधकाने त्यातील एन्व्हिडियाच्या टेग्रा चिपमधली फट जाहीर केली. फट नेमकी त्या पहिल्या, कोरलेल्या प्रोग्रॅममध्ये होती. दुरुस्तीच्या अवस्थेत यूएसबीवरून येणाऱ्या एका विनंतीत ‘मला इतके बाइट हवेत’ असे लिहिलेले असते. तो आकडा किती मोठा असू शकतो याची नीट तपासणीच नव्हती. फार मोठा आकडा दिला की माहिती आपल्या जागेतून सांडून प्रोग्रॅमच्या स्वतःच्या चालत्या स्मृतीवर लिहिली जाई आणि यंत्र पाहुण्याची आज्ञा पाळू लागे. कोरलेली चूक अपडेटने दुरुस्त होत नाही. मार्च २०१८ अखेर कंपनीच्याच आकड्यांनुसार १ कोटी ७७ लाखांहून अधिक स्विच विकले गेले होते. त्या सगळ्यांत ही चूक जन्मजात होती. नंतर कारखान्यातून निघालेल्या यंत्रांत ती बुजवली गेली.

त्याआधीची गोष्ट आणखी गमतीची. सोनीचा पीएसपी डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये विक्रीला आला. वीट झालेले पीएसपी जिवंत करण्याचा उपाय २००७ मध्ये सापडला तो बॅटरीत. त्या बॅटरीच्या आत एक छोटी चिप असते आणि तिच्यात एक अनुक्रमांक. तो अनुक्रमांक एका ठरावीक आकड्याला बदलला की कन्सोलला वाटते, आपण कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात आहोत. मग तो आपली आतली, बिघडलेली प्रणाली बाजूला ठेवून मेमरी स्टिकवरून सुरू होतो. कंपनीच्या तंत्रज्ञांसाठी ठेवलेले हे मागचे दार मुलांनी शोधून काढले आणि तिला नाव दिले पँडोराची बॅटरी. नंतरच्या मॉडेलांत कंपनीने ते दार बंद केले.

या जगात भामटेही पहिल्या दिवसापासून आहेत. ऑक्टोबर २००५ मध्ये, पीएसपीचे फर्मवेअर मागच्या आवृत्तीवर नेतो असे सांगणारा एक प्रोग्रॅम पसरला. प्रत्यक्षात तो यंत्रातल्या आवश्यक फायली पुसून टाकत असे. हातातल्या गेमयंत्राला लागलेला हा बहुधा पहिला ट्रोजन. २०१८ मध्ये तर पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या एका स्विच-फर्मवेअरमध्ये असा कोड सापडला, की कोणी त्याची चिरफाड करतो आहे असे वाटताच तो कन्सोलच्या साठवणीला कुठलाही एक पासवर्ड घालून कुलूप लावेल. कंपनीच्या कुलपाविरुद्ध बोलणाऱ्यांनीच ग्राहकाच्या यंत्राला आपले कुलूप लावले. त्याच गटाशी संबंधित गॅरी बाउझर या कॅनेडियन माणसाला फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची कैद झाली. शिवाय निन्टेंडोला एकूण १ कोटी ४५ लाख डॉलर द्यायचे त्याने मान्य केले. त्याच्यावरचा मुख्य आरोप चोरीचे गेम चालवणारी साधने विकण्याचा होता, आणि त्याबद्दल मला फारशी सहानुभूती नाही.

खरी अडचण पुढे येते. मे २०२५ मध्ये, स्विच-२ बाजारात येण्याच्या आधी, निन्टेंडोने अमेरिकेतील वापरकरारात बदल केला. अनधिकृत फेरफार केल्यास कंपनी सेवा किंवा ते उपकरणच कायमचे निरुपयोगी करू शकेल, अशा अर्थाचे कलम त्यात आले. ब्राझीलमधील साओ पाउलोच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने त्यावर आक्षेप घेतला. ५ जून २०२५ ला नवा कन्सोल आला आणि महिन्याभरातच काही जणांना कळले की त्यांच्या यंत्राची ऑनलाइन सेवा बंद झाली आहे. त्यांनी गेमची प्रत चालवणारे एक कार्ड वापरले होते. यंत्रे पूर्ण वीट झाली नव्हती, पण बंदी माणसावर नव्हती, यंत्रावर होती. त्यामुळे सेकंडहँड घेतलेल्यांनाही आधीच्या मालकाच्या कर्माचे फळ मिळाले. पैसे देऊन घेतलेली वस्तू दूर बसून कोणी निकामी करू शकत असेल, तर आपण नक्की काय विकत घेतले, हा प्रश्न खेळण्यापुरता राहत नाही.

*

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एका कंपनीच्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांसाठी फर्मवेअर अपडेट मंजूर केले. जवळून वायरलेसने कोणी त्यात शिरू शकेल अशी सुरक्षेतली फट होती. शस्त्रक्रिया नको, फक्त दवाखान्यात जायचे, छातीवर एक दांडी धरायची, तीन मिनिटांत काम होते. त्या तीन मिनिटांत पेसमेकर मिनिटाला ६७ ठोक्यांच्या राखीव गतीवर चालतो. आणि अगदी लहान अक्षरांत जोखीम दिलेली होती. अपडेट अर्धवट राहून जुनी आवृत्ती परत भरावी लागण्याची शक्यता ०.१६१ टक्के, आणि यंत्र पूर्णपणे निकामी होण्याची ०.००३ टक्के. म्हणजे वीट. लाखात तीन. आपल्या तीन मिनिटांच्या कामात आत ठेवलेले हृदययंत्र वीट होऊ शकते हे ज्या डॉक्टरांनी पहिल्यांदा रुग्णाला समजावून सांगितले असेल, त्यांच्या मनःस्थितीची मला कल्पना आहे. पेसमेकरवर पूर्ण अवलंबून असलेल्या रुग्णाचे अपडेट, तात्पुरता पेसमेकर आणि तो बसवणारी माणसे जवळ असतील अशाच ठिकाणी करावे, असा विचार तेव्हा पुढे आला. भाच्याच्या भाषेत सांगायचे तर आधी बॅकअप.

आता त्याच्या उलट बाजू. टाइप-१ मधुमेहात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. रुग्णाला दिवसात अनेकदा साखर मोजायची, हिशेब करायचा, इन्सुलिन टोचायचे, रात्री झोपेतही साखर घसरण्याची भीती. साखर सतत मोजणारा सेन्सर आणि इन्सुलिनचा पंप अशी दोन यंत्रे बाजारात होती, पण ती एकमेकांशी बोलत नव्हती. २०१३च्या सुमारास अमेरिकेतील रुग्णांनी आणि रुग्ण मुलांच्या पालकांनी ‘आम्ही थांबणार नाही’ अशी हाक देऊन ती स्वतःच जोडायला सुरुवात केली. डेना लुईस या टाइप-१ रुग्ण तरुणीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी बनवलेली प्रणाली त्यातली सर्वात प्रसिद्ध. सेन्सरचा आकडा घ्यायचा, छोट्या संगणकाने हिशेब करायचा आणि पंपाला आज्ञा द्यायची.

पंपाला आज्ञा कशी देणार? एका कंपनीच्या जुन्या पंपांत वायरलेस आज्ञा देणाऱ्याची नीट ओळख पटवण्याची सोयच नव्हती. तीच फट. जून २०१९ मध्ये त्या पंपांबद्दल एफडीएने इशारा दिला, कंपनीने ते परत मागवले. पण तोपर्यंत हेच फुटके पंप शोधून, जुन्या बाजारातून विकत घेऊन वापरणारी माणसे जगभर झाली होती. जे एकाला सुरक्षेतले भोक वाटते ते दुसऱ्याला खिडकी, हे मी भाच्याच्या कन्सोलमध्ये आणि त्या पंपात सारखेच पाहतो.

परिणाम काय झाला? दोन गोष्टी शेजारी ठेवतो. मे २०१९ मध्ये एफडीएने अनधिकृत जोडण्यांविरुद्ध जाहीर सूचना दिली. त्यामागे एका रुग्णाचा अनुभव होता. सेन्सरचे सिग्नल अनधिकृत पद्धतीने आकड्यांत बदलले जात होते, साखर चुकून पुन्हा पुन्हा जास्त दिसली, प्रणालीने प्रत्येक वेळी इन्सुलिन दिले आणि रुग्णाला जास्त मात्रा गेली. उपचार करावे लागले. आणि दुसरी गोष्ट, सप्टेंबर २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेली न्यूझीलंडची चाचणी. ४८ मुले आणि ४९ प्रौढ, एकूण ९७ रुग्ण, २४ आठवडे. मुक्तस्रोत प्रणाली वापरणाऱ्यांची साखर योग्य पट्ट्यात राहण्याचा वेळ इतरांपेक्षा १४ टक्के-गुणांनी जास्त निघाला, म्हणजे दिवसाला सुमारे ३ तास २१ मिनिटे. दोन्ही गटांत साखर गंभीरपणे घसरण्याची एकही घटना घडली नाही. जानेवारी २०२३ मध्ये, अशाच घरगुती प्रणालीतून पुढे वाढवलेल्या एका ॲपला एफडीएने रीतसर मंजुरी दिली. वैद्यकीय यंत्रांच्या इतिहासात रुग्णांनी आधी करून दाखवावे आणि नियामकाने नंतर ते मंजूर करावे, असे फार वेळा घडलेले नाही.

चाचणीतले रुग्ण आणि एफडीएच्या सूचनेतला रुग्ण यांच्यात फरक एवढाच, की पहिल्यांना शिकवलेले होते, त्यांच्यावर देखरेख होती, आणि सगळ्यांकडे एकाच प्रकारची, तपासलेली साधने होती.

*

हे मी पुस्तकी म्हणून वाचले असते, पण दोन वर्षांपूर्वी आमच्या ओपीडीत एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा आला. संगणकाचे शिक्षण झालेला. कमरेला परदेशातून नातेवाइकाने आणून दिलेला पंप, दंडावर सेन्सर, खिशात फोन. ताप आणि उलट्या म्हणून आला होता. आमच्याकडे बहुतेक टाइप-१ रुग्ण बाटलीतल्या इन्सुलिनवर आणि सिरिंजवर असतात. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने असा पंप पहिल्यांदाच पाहिला. त्याने प्रामाणिकपणे विचारले, ‘‘सर, हे काढायचं की ठेवायचं?’’

मुलाला उलट्यांमुळे खाता येत नव्हते, पाणी कमी झाले होते, आणि त्या अवस्थेत कातडीखालच्या सेन्सरचा आकडा आणि रक्तातली साखर यांत अंतर पडू शकते. यंत्र आकड्यावर विश्वास ठेवून इन्सुलिन देत राहणार. आम्ही पंप काढला, शिरेतून इन्सुलिन सुरू केले, दर तासाला बोटातून साखर पाहिली. मुलगा नाराज झाला. त्याच्या दृष्टीने त्याची प्रणाली आमच्यापेक्षा हुशार होती. रोजच्या आयुष्यासाठी ते खरेही असेल, त्याचे तीन महिन्यांचे सरासरी साखरेचे प्रमाण आमच्या बहुतेक रुग्णांपेक्षा चांगले होते. तिसऱ्या दिवशी घरी जाताना त्याने विचारले, ‘‘परत लावू का?’’

लावू नको म्हणणे सोपे होते. कागदावर सुरक्षितही होते. पण मी तसे म्हणालो असतो तर तो ते लावणारच होता, फक्त पुढच्या वेळी मला सांगितले नसते. जसा भाच्याने बाबांना सांगितले नव्हते. मी त्याला विचारले, पंप बंद पडला तर काय करशील? तो थोडा गडबडला. पंपातले इन्सुलिन अल्प काळ चालणारे असते. पंप थांबला तर काही तासांत शरीरात इन्सुलिन उरत नाही आणि ॲसिड वाढू लागते. घरात पेन नव्हते, दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन नव्हते, कीटोन तपासण्याच्या पट्ट्या नव्हत्या. सगळा भरवसा एका फोनवर, एका जुन्या पंपावर आणि चार्जरवर. त्याच्याकडे प्रणाली होती, बॅकअप नव्हता.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत काय म्हणतो, असे बरेच जण विचारतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेले ६५-अ हे कलम तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण कायद्यातले हक्क भंग करण्याच्या हेतूने ते तोडले असेल तर. म्हणजे गेम चोरण्यासाठी कुलूप तोडणे आणि स्वतःचे बिघडलेले यंत्र सुरू करण्यासाठी तोडणे, यांत कायद्याने फरक करायला जागा ठेवली आहे. वैद्यकीय उपकरणांचे तसे नाही. १ एप्रिल २०२० पासून भारतात सगळी वैद्यकीय उपकरणे, सॉफ्टवेअरसह, औषधांच्या व्याख्येत आली. विक्री आणि उत्पादनाला त्याचे नियम लागू होतात. स्वतःपुरते घरी बदललेल्या यंत्राबाबत रुग्ण आणि डॉक्टर दोघेही धुक्यात चालतात. अमेरिकेत दर तीन वर्षांनी डिजिटल कुलुपांना कोणत्या कारणांसाठी सूट द्यायची ते ठरते. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथे वैद्यकीय यंत्रांच्या दुरुस्तीसाठी कुलूप उघडायला परवानगी मिळाली. त्याच निर्णयात गेम कन्सोलला मिळालेली सूट फक्त डिस्क वाचणाऱ्या भागाच्या दुरुस्तीपुरती होती. खेळण्यापेक्षा औषधाला जास्त जागा, हे मला पटते.

यात आमचाही स्वार्थ आहे, लपवत नाही. आमच्या विभागात एक यंत्र वर्षभर कोपऱ्यात उभे होते. भाग बदलला होता, पण नवा भाग ‘ओळखून घ्यायला’ लागणारा पासवर्ड कंपनीच्या माणसाकडे होता आणि देखभालीचा करार संपला होता. आमचा बायोमेडिकल इंजिनिअर हुशार आहे, त्याला बिघाड पहिल्याच दिवशी कळला होता. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात मोबाइल, वाहने, शेतीची अवजारे आहेत. रुग्णालयातली यंत्रे त्या चर्चेत मला फारशी दिसत नाहीत. अशा दाराबाहेर वर्षभर बसले की माणसाला खरोखर वीट येतो.

*

पालकांसाठी थोडे, कारण असे कन्सोल आपल्याकडे बहुतेक बाहेरून आणलेले असतात, वॉरंटी नसते, आणि बिघडले की मुलगा स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो. फर्मवेअरमुळे कोणी आजारी पडत नाही. त्रास बॅटरीने होतो. फुगलेली लिथियम बॅटरी म्हणजे आत वायू झाला आहे. ती दाबू नये, टोचू नये, स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढू नये. ती फाटली तर काही सेकंदांत पेटते आणि तिच्या धुरात फुप्फुसांना इजा करणारे वायू असतात. पूर्ण उतरून महिनोन्‌महिने पडलेली बॅटरी पुन्हा चार्ज करतानाही आत बिघाड होऊ शकतो, तेव्हा ती नजरेआड रात्रभर गादीवर ठेवून चार्ज करू नये. नव्या कन्सोलमध्ये प्रोसेसरच्या वीजदाबाला क्षणभर धक्का देणारी चिप जोडावी लागते आणि तिचे टाके केसाएवढे बारीक असतात. हे काम दहावीच्या मुलाचे नाही. सोल्डरिंगचा जो धूर डोळ्यांत जातो तो शिशाचा नसतो, तो फ्लक्समधल्या राळेचा असतो आणि त्याने दमा होऊ शकतो, हा जुना ओळखीचा व्यावसायिक आजार आहे. शिसे मात्र हाताला लागून पोटात जाते, म्हणून ते काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय चिवड्यात घालायचे नाहीत. आणि उघडलेल्या खेळण्यातून, घड्याळातून निघालेली बटनसारखी गोल लिथियम सेल लहान भावंडाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. तिथे सकाळ होण्याची वाट पाहायची नसते, लगेच रुग्णालय गाठायचे.

भाच्याचा कन्सोल दुरुस्त झाला तो असा. खरे कार्ड आणले. ते जुन्या, साध्या फॅट-३२ पद्धतीने फॉर्मॅट केले, कारण घरगुती फर्मवेअरवर नवी एक्सफॅट पद्धत फायली बिघडवते असा त्या जगाचा जुना अनुभव आहे. मग पहिले काम म्हणून आतल्या ३२ जीबी साठवणीची पूर्ण प्रत काढली आणि ती संगणकावर व एका वेगळ्या डिस्कवर अशी दोन ठिकाणी ठेवली. प्रत निघेपर्यंत बराच वेळ गेला. तेवढ्यात त्याने बाबांना फोन करून सगळे सांगितले. बाबा अपेक्षेपेक्षा कमी रागावले.

तो पंपवाला मुलगा सहा महिन्यांनी पुन्हा आला, या वेळी फक्त तपासणीला. पंप कमरेलाच होता. त्याने पाठीवरची बॅग उघडून दाखवली. आत इन्सुलिनची दोन पेने, कीटोनच्या पट्ट्या, ग्लुकोजच्या गोळ्या आणि बॅगेच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक कागद होता. मराठीत लिहिले होते : मी बेशुद्ध असेन तर हे यंत्र असे काढा, आणि खाली नळीचा चित्रासह बाण. निवासी डॉक्टरांसाठी त्याने तसा एक कागद आमच्या वॉर्डातही लावायला दिला. तो अजून नर्सिंग स्टेशनच्या मागच्या भिंतीवर आहे.